‘अजून चालतंय’चा माइक

मी एक जुना माइक आहे. मित्रांनो, पुढं काही सांगण्याआधी एक विनंती करतो. मला टिचक्या मारून ‘हॅलो, हॅलो’ करू नका, आणि फुंकर तर मुळीच मारू नका. मी काय भाजलेलं बोट आहे? मला पहिल्यापासून स्वच्छ ऐकू येतं. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसं माझ्या गोष्टीत पुढं येणारच आहेत. फुंकर मारायची इतकीच हौस असेल, तर त्यांच्या कानात मारा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेव्हा वस्तू जड असली म्हणजेच चांगली, असा समज होता. त्यामुळं माझं अंग लोखंडी, तोंडावर जाळी, जाळीच्या आत एक पातळ पडदा आणि पायाशी भक्कम बैठक. बैठकीवर एक लांब बटण होतं. ते दाबून धरलं की मी जागा, सोडलं की ठार बहिरा. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसत. प्रत्येक माइकसमोर त्या एकच वाक्य बोलत, आधी मोठ्यानं आणि मग कुजबुजत. मोठ्यानं बोललेलं काय, कुठलाही माइक ऐकतो. ज्याला कुजबुज नीट ऐकू येई, त्यालाच बाई पास करत. मी पहिल्या फटक्यात पास झालो. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो, तशी तुम्हालाही सांगितली.

मग माझी रवानगी एका मोठ्या बसस्थानकावर झाली. चौकशीच्या खिडकीमागं एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर मी आणि माझ्यासमोर चौकशीबाई. बाईंचा आवाज असा, की बाकावर झोपलेला माणूस उठून उभा राही. ‘गाडी उशिरा सुटेल’ हे त्या अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटे चूक आपलीच आहे. लोक खिडकीशी येऊन म्हणत, ‘बाई, गाडी चुकली, पण तुमचं बोलणं ऐकून बरं वाटलं.’ बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढे. त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं. तसं कुणी कधी म्हणालं नाही, ते सोडा.

एकदा बटणाखाली बिस्किटाचा तुकडा अडकला आणि बटण वर येईना. नेमक्या त्याच वेळी बाई शेजारणीला आगारप्रमुखांविषयी मनातलं सांगत होत्या. अगदी सविस्तर. फलाटावरचे लोक हातातल्या पिशव्या खाली ठेवून ऐकत उभे राहिले. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. आगारप्रमुख धावत खोलीत पोचले, तोवर विषय त्यांच्या केसांच्या रंगापर्यंत आला होता. नंतर सगळ्यांनी खापर माझ्यावर फोडलं. बिस्किटाला कुणी चकार शब्दानं बोललं नाही.

पुढं एक नवीन यंत्र आलं. त्याच्या पोटात एका अनोळखी बाईचा आवाज भरून ठेवलेला होता. ती बाई कधी शिंकत नसे, कुणाला दटावत नसे आणि पाऊस असो की आग लागो, एकाच सुरात बोले. चौकशीबाईंची बदली झाली आणि माझी अडगळीच्या खोलीत सोय लागली. तिथं मी दाराला टेकण म्हणून राहिलो. एका शिपायानं तर माझ्या बुडानं खिळे ठोकले. हजारो माणसांना ज्यानं योग्य फलाटावर पोचवलं, त्याच्या नशिबी खिळे. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. लपवून काय करू?

तिथून मला सोडवलं ते सासरेबुवांनी. आता हे सासरे कुणाचे, ते सांगतो. घरात आल्यापासून मी सगळ्यांना सूनबाईच्या नात्यानंच ओळखतो, कारण ज्या कार्यक्रमाबद्दल पुढं सांगणार आहे, तो तिच्या डोक्यातून निघाला. तिचे सासरे बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरीला होते. तिकिटांचं आरक्षण करणारा प्रोग्राम त्यांनी तरुणपणी लिहिला आणि पुढं जन्मभर सांभाळला. त्यांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला छपाईचं एक अजस्र यंत्र दिवसभर खडखडत असे. त्या यंत्रानं त्यांचा डावा कान खाल्ला. पण उजव्या कानानं ते वर बसून माझ्या घोषणा ऐकायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, ‘आठवण म्हणून काय देऊ तुम्हाला?’ सासरेबुवा म्हणाले, ‘अडगळीतला तो माइक द्या.’ साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं होतं, हे खुर्ची मागणार.

डावा कान गेलेला असला, तरी सासरेबुवा ते कबूल करत नसत. त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही, की मान डोलावून म्हणायचं, ‘बरोबर, बरोबर.’ जगात बहुतेक वेळा हे खपून जातं. घरात सासूबाईंपुढं खपत नसे. ‘अहो, गिझर गळतोय,’ त्या डाव्या बाजूनं सांगत. ‘बरोबर, बरोबर.’ मग त्या उजवीकडून येऊन तेच पुन्हा सांगत, आणि आवाज चढवून सांगत.

आता त्यांच्या भाषेविषयी. कॉम्प्युटरला काम सांगायलाही भाषा लागते, आणि कपड्यांसारख्या या भाषांच्याही फॅशनी येतात नि जातात. सासरेबुवांची भाषा त्यांच्या तरुणपणी नवी कोरी होती. आता तिचं नाव काढलं की नव्या मुलांना वाटतं, ती संग्रहालयात असेल. पण तिकिटं अजून तिच्यातूनच निघतात. सूनबाई एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आहे. तिथं रोग्यांना तपासणीच्या तारखा याच भाषेतून मिळतात. लग्न ठरताना ही गोष्ट कळली, तेव्हा सासरेबुवांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘दुसरं काही बघू नकोस.’ मुलगा स्वतः अगदी ताज्या भाषेत काम करतो आणि उठता-बसता दोघांची टर उडवतो. जेवताना सासरा आणि सून प्रोग्राममधल्या चुकांविषयी बोलत बसत आणि हे मायलेक एकमेकांकडं बघत जेवण उरकत.

एके दिवशी सूनबाई म्हणाली, ‘बाबा, आपण पॉडकास्ट करू या. आपल्यासारखे लोक जगभर विखुरलेत. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच उरलो.’

‘ऐकणार कोण?’

‘जे उरलेत ते.’

नाव सासरेबुवांनी दिलं. ‘अजून चालतंय.’ म्हणजे प्रोग्राम, भाषा आणि आपणही.

रेकॉर्डिंग होई कपड्यांच्या कपाटात. हसू नका. भिंतीत बांधलेलं मोठं कपाट होतं, आणि लटकणाऱ्या कपड्यांत आवाज घुमत नाही. दोन स्टुलं, मध्ये खोक्यावर मी, डोक्यावर रजया आणि चहूकडून सूनबाईच्या नवऱ्याचे शर्ट. त्याला रविवारी बाहेर जायचं झालं, तर कपाटावर टकटक करून शर्ट मागावा लागे. पहिल्या काही भागांत मध्येच ‘निळा दे, निळा’ असा आवाज येतो, तो त्याचाच. माझ्यासाठी सूनबाईनं नवी वायर जोडली आणि ते बटण काढून टाकलं. आता मी सदोदित जागा. तिनं माझी जाळी ओल्या फडक्यानं पुसली, तेव्हा मला रडू आलं असतं, पण ते माइकला परवडत नाही.

आणि मित्रांनो, लोक ऐकू लागले. थोडेच, पण जिवाभावाचे. कुणी धरणावरचा इंजिनिअर, कुणी विम्याच्या कचेरीतली बाई, कुणी जहाजावरचा तंत्रज्ञ. त्यांतून एक मंडळच उभं राहिलं. महिन्यातून एकदा सगळे आपापल्या घरून कॉम्प्युटरवर एकत्र बसत आणि ‘झाडलोट’ करत. घर झाडायचं नाही, पेटी झाडायची.

ही पेटी समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशीच अडते. प्रत्येकानं प्रत्येक काम नव्यानं लिहू नये, म्हणून या लोकांनी वर्षानुवर्षं प्रोग्रामचे तयार भाग एका जागी साठवून ठेवले होते. एक भाग तारखा मोजतो, एक नावं क्रमानं लावतो, असे पुष्कळ. कुणीही घ्यावेत, कुणीही भर घालावी. फक्त आत येणारा प्रत्येक भाग एक माणूस तपासून घेई. त्यांना सगळे पेटीवाले म्हणत. शेजारच्या शहरात, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांची नोकरी होती. संध्याकाळी घरी येऊन ते पेटी सांभाळत, हौस म्हणून. पेटीतलं काही बिघडलं की सगळे त्यांना लिहीत. नीट चाललं की कुणी लिहीत नसे.

इकडं कपाटात एक नवीन प्रकरण सुरू झालं. बोलताना माणसं अडखळतात, खोकतात, गप्प होतात. सूनबाई प्रत्येक भाग पुन्हा ऐकून हे सगळं हातानं कापत बसे. सासरेबुवांना ते बघवेना. या जमातीची एक खोड असते. कुठलंही काम दोनदा हातानं करावं लागलं, की यांच्या पोटात दुखतं. त्यापेक्षा तिप्पट वेळ घालवून ते काम करणारा प्रोग्राम लिहितील, पण तिसऱ्यांदा हात लावणार नाहीत. सासरेबुवांनी बैठक मारली आणि आपल्या लाडक्या भाषेत ‘कात्री’ नावाचा प्रोग्राम लिहिला. रेकॉर्डिंग आत घातलं, की शांतता कापून बाहेर.

पण शांतता म्हणजे काय, हे कात्रीला कुणीतरी सांगायला हवं ना? ते सासरेबुवांनी सांगितलं. कान लावून त्यांनी ठरवलं, इथपर्यंत ऐकू येतं, तो आवाज. याच्या खाली ऐकू येत नाही, ती शांतता. ज्याला स्वतःला अर्धं ऐकू येतं, त्यानं शांततेची रेघ आखली. मी खोक्यावर बसून कपाळाला हात लावला असता, पण हातच नाहीत.

कात्रीवर दोघं बेहद्द खूश. भाग झटपट तयार होऊ लागला, तसं सूनबाईनं तो पुन्हा ऐकणंही सोडलं. प्रोग्रामनं केलंय म्हटल्यावर बघायचं काय? परिणाम असा, की सासरेबुवांचे विनोद श्वास न घेता एकाला एक चिकटून येऊ लागले आणि लोकांना हसायला जागाच उरेना. जहाजावरच्या तंत्रज्ञानं कळवलं, ‘सासऱ्यांना फुप्फुसं आहेत ना? घरच्यांनी लक्ष द्यावं.’ सासरेबुवांनी ती कात्रीची तारीफ समजली. सांगायचं राहिलं, कापलेले तुकडे ते टाकून देत नसत. दोऱ्याचे तुकडे आणि वाकडे खिळे जपून ठेवणारा माणूस तो. कात्रीला त्यांनी सगळं काही ‘उरलेलं’ नावाच्या कप्प्यात टाकायला सांगितलं होतं.

आणि मग पेटीवाले आमच्याकडं आले.

ते पेटी सोडणार, अशी कुणकुण सगळीकडं लागली होती. सूनबाईनं आग्रहानं बोलावलं आणि ते बसनं आले. शिडशिडीत, शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेले, आणि आवाज एवढासा. कपाटात तिसरं स्टूल घातलं. जागा उरली ती सासरेबुवांच्या डाव्या बाजूला. तिथं ते बसले. सुरुवात बरी झाली. ते सावकाश बोलत, वाक्याच्या मध्ये थांबत, पण बोलत. मग बाहेर दाराची घंटा वाजली आणि सूनबाई दार उघडायला गेली. त्याच वेळी सासरेबुवांनी विचारलं, ‘तुम्ही पेटी सोडणार असं ऐकतो. खरं का?’

पेटीवाले गप्प झाले. किती वेळ, ते मी मोजलं नाही, पण ती रिकामी शांतता नव्हती. त्यांचा अंगठा बाहीच्या बटणावर फिरत होता. मग ते म्हणाले, ‘हो.’ पुन्हा गप्प. आणि मग माझ्याकडं बघत, अगदी हळू, माणूस स्वतःशी बोलतो तसं म्हणाले, ‘पण कुणी राहा म्हटलं, तर राहीन.’

सासरेबुवा मान डोलावून म्हणाले, ‘बरोबर, बरोबर. आता आपल्या कात्रीबद्दल बोलू. ती पेटीत घ्याल ना?’

पेटीवाल्यांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘बघतो.’ त्यानंतर त्यांचा आवाज आणखी खाली गेला. सूनबाई परत येऊन बसली, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. चहाचा दुसरा कप न घेता ते निघाले. दारापर्यंत जाताना त्यांच्या पावलांचासुद्धा आवाज झाला नाही.

भाग प्रसिद्ध झाला. कात्रीनं आपलं काम चोख केलं होतं. लोकांनी ऐकलं ते असं. खरं का? हो. बरोबर, बरोबर. आता आपल्या कात्रीबद्दल बोलू. मध्ये श्वासाइतकीही फट नाही.

जो तो भडकला. निम्म्यांचं म्हणणं, पेटीवाल्यांना गर्व झालाय, इतकी वर्षं बरोबर काढली आणि ‘हो’ म्हणून मोकळे. उरलेल्यांचं म्हणणं, सासऱ्यांनी त्यांना घालवलं, शिवाय वर स्वतःची कात्री पुढं केली. विम्याच्या कचेरीतल्या बाईंनी सासरेबुवांना असं काही सुनावलं, की मला चौकशीबाई आठवल्या. आणि पेटीवाल्यांनी मंडळाला दोन ओळी लिहिल्या. पुढच्या झाडलोटीच्या दिवशी पेटीच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, देतो. ज्याला हव्यात त्यानं घ्याव्यात.

हव्या होत्या कुणाला? भांडायला सगळे पुढं होते, किल्ल्या म्हटल्यावर जो तो आपली नखं बघू लागला. सूनबाईच्या तर तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यातल्या तारखा पेटीतल्याच एका भागावर चालत होत्या. तो भाग बिघडला आणि बघायला कुणी नसलं, तर रोग्यांनी कुणाकडं जायचं?

‘बाबा, तुम्ही बरोबर कशाला म्हणालात?’ तिनं विचारलं.

‘तो काहीतरी म्हणाला असेल. ते बरोबर असेल.’

‘काय म्हणाले ते?’

‘आता ते मला कसं आठवेल? पण मी वाईट कशाला बोलेन?’

घरात सासरा-सुनेचं बोलणं बंद पडलं. जेवताना चुकांविषयीसुद्धा कुणी बोलेना, आणि मायलेकांना ते आवडेना. मी कपाटात शर्टांच्या मध्ये तडफडत होतो. मला सगळं ठाऊक होतं. त्या माणसानं ते मलाच सांगितलं होतं. पण मी माइक, स्पीकर नव्हे. ऐकणं माझ्या हातात, बोलणं दुसऱ्याच्या. इतका राग मला खिळे ठोकतानाही आला नव्हता.

अशात सासरेबुवांचा वाढदिवस आला. घरातला अबोला मोडावा, म्हणून सूनबाईच्या नवऱ्यानं एक गंमत केली. ‘उरलेलं’ कप्पा उघडून त्यानं कापलेले सगळे तुकडे एकामागून एक जोडले. बाबांचे खोकले, धापा, चहाचे भुरके, सगळं एकत्र. दुपारच्या जेवणानंतर त्यानं ते लावलं आणि सगळ्यांचं हसणं टिपायला मला टेबलावर आणून ठेवलं.

पहिल्या भुरक्यालाच सूनबाईला हसू फुटलं. मग नाक शिंकरणं आलं, मग स्टुलाची करकर. दूर कुठं तरी एक बारीक आवाज म्हणत होता, ‘अहो, गिझर.’

‘ही मी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तेव्हापासून सांगतेय.’

सासरेबुवाही हसत होते, अर्धं ऐकून, अर्धं बाकीच्यांकडं बघून. मग एक लांब शांतता आली. बटणावर अंगठा फिरल्याची खसखस आली. आणि पेटीवाल्यांचा आवाज, टेबलावर ठेवल्यासारखा स्वच्छ. पण कुणी राहा म्हटलं, तर राहीन.

सगळ्यांचं हसणं थांबलं. सासरेबुवा तेवढे अजून हसत होते. मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले.

‘काय म्हणाला तो? परत लाव.’

मुलानं आवाज वाढवून त्यांच्या उजव्या कानाशी परत लावलं. त्यांनी अजून एकदा लावायला सांगितलं. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, ‘आणि मी त्याला बरोबर म्हणालो.’

त्यांचा चेहरा बघवेना. माणूस मनाचा वाईट नव्हता, मित्रांनो. ऐकू येत नाही एवढं कबूल करायला लाजला, तेवढ्यानं एवढं झालं.

आता तुम्हाला वाटेल, ते तडक पेटीवाल्यांकडं धावले. छे. ते तडक कॉम्प्युटरकडं धावले, कात्री दुरुस्त करायला. सूनबाई मागोमाग. ‘रेघ फार वर आखलीय बाबा.’ ‘रेघेचा प्रश्न नाही, श्वास वेगळा मोजायला हवा.’ बोलणं सुरू झालं हे चांगलं, पण कशावर झालं ते पाहा. शेवटी सासूबाई उजव्या बाजूनं जाऊन उभ्या राहिल्या.

‘अहो, तो माणूस तिकडं बसलाय आणि तुम्ही इथं कात्रीला धार लावताय. जा आधी त्याच्याकडं.’

फोन करण्यात अर्थ नव्हता. फोनवर यांना तो एवढासा आवाज ऐकू येत नाही आणि पेटीवाल्यांना बोलता येत नाही. तेव्हा झाडलोटीच्या दिवशी सकाळी सासरा आणि सून बसनं निघाले. मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं होतं. वाटेत ते माझं जुनं बसस्थानक लागलं. ती पोटातली बाई अजून त्याच सुरात बोलत होती. कुणी मान वर करून बघत नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग जरा वाईटही वाटलं. तिला तर कधी कुणी फडक्यानं पुसलंसुद्धा नसेल.

पेटीवाल्यांनी दार उघडलं आणि आत घेतलं. एका खोलीत टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी धुऊन पालथा घातलेला एक कप. मंडळातले सगळे आपापल्या घरून जोडलेले होतेच, किल्ल्यांचं काय होतं ते बघायला. सूनबाईनं मला टेबलावर ठेवलं, वायर जोडली आणि मंडळींना सांगितलं, ‘आज थेट ऐकायचंय. मध्ये कात्री नाही.’ सासरेबुवांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि पेटीवाले आपल्या उजवीकडं येतील अशी ठेवली.

‘पेटीवाले,’ ते म्हणाले, ‘मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कित्येक वर्षं येत नाही. त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंच नाही, आणि बरोबर म्हणालो. काल-परवा ऐकलं. म्हणून सांगायला आलो. राहा.’

पेटीवाले गप्प झाले.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकले, पण त्या शांततेइतकं मन लावून काहीच ऐकलं नाही. अंगठा बटणावर गेला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. सासरेबुवांचे ओठ एकदा हलले. तिथं ‘बरोबर’ येऊ घातलं होतं, ते त्यांनी गिळलं. पडद्यावर मंडळींचे निरोप येऊ लागले. धरणावरच्या इंजिनिअरनं लिहिलं, ‘आवाज येत नाहीये.’ जहाजावरून आलं, ‘बंद पडलं का?’ कुणी म्हणे स्वतःच्या कॉम्प्युटरला चापट्या मारत होतं. सूनबाईनं एका बोटानं लिहिलं, ‘येतोय. ऐका.’

मग निरोप थांबले. थोड्या वेळानं विम्याच्या कचेरीतल्या बाईंचा निरोप आला, ‘राहा.’ मग जहाजावरून, ‘राहा.’ मग ते एकाखाली एक येत राहिले. कुणी पेटीतला आपल्या कामाचा भाग स्वतः तपासायचं कबूल केलं, कुणी दोन केले. तारखांचा भाग सूनबाईनं घेतला. पेटीवाले खाली वाकून सगळं वाचत होते, आणि चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.

मग ते सासरेबुवांकडं वळले आणि त्यांच्या त्या एवढ्याशा आवाजात म्हणाले, ‘राहीन. पण तुमची ती कात्री पेटीत येणार नाही.’

सासरेबुवांनी उजव्या कानानं शब्द न् शब्द ऐकला.

‘बरोबर,’ सासरेबुवा म्हणाले. ‘बरोबर.’

‘अजून चालतंय’चा तो भाग कापाकापी न करता तसाच ठेवलाय. नवीन ऐकणारे अजूनही तिथं आले की तक्रार करतात, आवाज येत नाही म्हणून. सूनबाई त्यांना तेच उत्तर पाठवते.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. एका कडेनं गंज धरलाय, जाळीला सासरेबुवांच्या खोकल्यानं पोचा आलाय आणि आठवड्यातून एकदा मला ‘हॅलो, हॅलो’ ऐकावं लागतं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि त्यानं खिळे ठोकू नका. त्याच्यासमोर कुणी बोलता बोलता गप्प झालं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. आणि नाहीच ऐकू आलं, तर मान डोलावू नका, मित्रांनो. खुर्ची जरा सरकवा आणि विचारा, ‘काय म्हणालात?’